प्रायमरचे तीन हात

"...ते सगळं खरं चाचा, पण चुकलं काय ते सांगा ना. प्रायमर चुकलं की हात चुकला?"

मोरेश्वर शिगवण सकाळपासून हे चौथ्यांदा विचारत होता.

यासीन सारंगांनी चहाचा कप तोंडाशी नेला. न पिता खाली ठेवला.

"प्रायमरच्या खाली काय होतं?"

"लांबी, खड्डे बुजवायला भरतात ती. पाणी लावून घोटलेली. हात फिरवला तर काचेसारखी."

"तिच्या खाली?"

"गंजावरचं औषध. काळं येतं ते. खास पुण्याहून मागवलेलं."

"त्याच्या खाली?"

"त्याच्या खाली... पत्रा."

"कसला पत्रा?"

"पत्रा म्हणजे पत्रा, चाचा! गाडीचा पत्रा. अजून कसला असणार?"

सारंगांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"या अल्ला..." ते पुटपुटले.

यासीन होडेकरांना सगळा गाव सारंग म्हणायचा. सतराव्या वर्षी ते खलाशी म्हणून बोटीवर चढले आणि चाळीस वर्षांनी सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होऊन उतरले. बोट कुठल्याही देशाची असो, रोजचं काम एकच. गंज काढायचा, रंग द्यायचा. पुढच्या टोकापासून सुरुवात करून मागच्या टोकाला पोचावं, तोवर पुढचं टोक पुन्हा लाल झालेलं असायचं.

आता त्यांचं वय एकोणऐंशी. त्या खाडीकाठच्या गावात खाऱ्या वाऱ्याने कुणाचं फाटक खाल्लं, कुणाचा पंप खाल्ला, की लोक त्यांच्या अंगणात येत. सारंग बघत, दोन शब्द सांगत, लोक जात.

मोरेश्वर जात नव्हता.

तोही काही ऐरागैरा नव्हता. पुण्याजवळच्या एका मोटारींच्या कारखान्यात, रंगाच्या विभागात, सव्वीस वर्षं तपासनीस होता. ओळीने लावलेल्या ट्यूबलाइटांखाली उभा राहून रंगात अडकलेला धुळीचा कण तो चार हातांवरून दाखवायचा. मुदतीआधी निवृत्ती घेऊन गावी आला, तेव्हा घराच्या खिडक्यांचे गजसुद्धा त्याने असे रंगवले की बघायला माणसं आली.

त्याची मुलगी शलाका डॉक्टर झाली होती. घाटाच्या वरच्या अंगाला, बावीस किलोमीटरवर, सरकारी आरोग्य केंद्रात तिची नेमणूक झाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. रोज घाट चढायचा, रोज उतरायचा. म्हणून मोरेश्वरने एक जुनी छोटी गाडी घेतली. गाडी आधी मासळीच्या एका व्यापाऱ्याकडे होती. तो तिच्यातून बर्फाच्या पेट्या न्यायचा.

"इंजिन ठणठणीत आहे," मोरेश्वरने सगळ्यांना सांगितलं होतं. "रंग मी देतो. कारखान्यातून आत्ताच बाहेर पडली असं म्हणाल."

रंग दिला. वीस दिवसांत दाराखालच्या पट्टीवर फोड आले. खरवडून पुन्हा दिला. पुन्हा फोड. तिसऱ्यांदा दोन डब्यांतलं कालवून लावायचं महागडं प्रायमर आणलं, एकावर एक तीन हात दिले.

आज शुक्रवार. फोड आले होते. या वेळचे मोठे होते.

आणि गाडी सारंगांच्या अंगणात, फणसाखाली उभी होती. शलाका तिच्या दाराला टेकून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"हे बघा," मोरेश्वर पुन्हा सुरू झाला. "प्रायमरची जाडी बरोबर होती. आम्ही मायक्रॉनमध्ये मोजायचो. सुकायला वेळ दिला. हवा किती दमट, तेही बघितलं. मग राहिलं काय?"

"पत्रा."

"पत्र्याचं काय घेऊन बसलात!"

"तुमच्या कारखान्यात पत्रा कसा यायचा?"

"नवा. गुंडाळीतून सरळ. चकचकीत."

"गंजलेला कधी आला?"

"छे! परत पाठवला असता."

"म्हणजे सव्वीस वर्षांत तू गंज बघितलाच नाहीस."

मोरेश्वरचा चेहरा उतरला. मग तांबडा झाला.

"सव्वीस वर्षं मी रंग बघितलाय, चाचा."

"तेच म्हणतोय मी."

...

सारंग उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत उठले. गाडीजवळ गेले. बोटाच्या पेराने त्यांनी छपरावर टकटक केली.

टण.

दारावर केली. टण.

मग पुढचं दार उघडून ते वाकले, पायाखालची रबरी चटई बाजूला केली. खाली करडं, गुळगुळीत प्रायमर होतं. एक ओघळ नाही, एक कण नाही. सारंग त्याच्याकडे बघतच राहिले.

"सुंदर," ते म्हणाले. "खरंच सांगतो मोरेश्वर, चाळीस वर्षांत मला असा हात जमला नाही."

मोरेश्वरच्या मानेचा ताठा जरा सैल झाला.

सारंगांनी त्या सुंदर प्रायमरवर पेर वाजवलं.

थप.

थोडं पुढे. थप. सीटच्या पायाशी. थप.

"ऐकलंस?"

"लांबीचा थर आहे ना, म्हणून आवाज बसका येतो. तांत्रिक गोष्ट आहे."

सारंग घरात गेले. आत काहीतरी पडल्याचा, कुणीतरी रागावल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात एक छोटी हातोडी होती. दोन्ही टोकं छिन्नीसारखी, एक उभं, एक आडवं. दांडा हाताच्या घामाने काळा पडलेला.

त्यांनी ती मोरेश्वरपुढे धरली.

"मार."

"कुठे?"

"जिथे थप वाजलं तिथे."

मोरेश्वरने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"चाचा, मी दुरुस्त करायला आलोय. फोडायला नाही."

"मार."

"तीन हात दिलेत मी! आठवडा गेलाय त्यात. तुम्ही एवढंच सांगा, चौथ्या वेळेला कुठलं प्रायमर घेऊ. सोमवारी हिला रुजू व्हायचंय."

"अरे बाबा..." सारंगांचा आवाज चढला. "अरे बाबा, मी काय प्रायमरचं दुकान काढलंय का इथे?"

"मग राहू दे!"

"राहू दे तर राहू दे! जा! घेऊन जा ती गाडी!"

सारंग पायरीवर जाऊन बसले. पाठ फिरवून बसले. मोरेश्वर गाडीकडे वळला, फाडकन दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"चल शलाका. बस. चालू कर."

शलाका जागची हलली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्ही मला शेडमधून बाहेर का पाठवलंत?"

"कधी?"

"तुम्ही ही चटई काढून खरवडत होतात. मी बॅटरी धरून उभी होते. एकदम म्हणालात, जा, चहा टाक. मी चहा घेऊन आले तर दाराला आतून कडी."

"धूळ उडत होती."

"त्याच्या आधीच तर तुम्ही काढून ठेवलेलीत, तोंडाला बांधायला फडकी. दोन. एक माझ्यासाठी."

मोरेश्वर गाडीच्या छपराकडे बघत राहिला. छपरावर फणसाचं एक पिकलं पान येऊन पडलं होतं. त्याने ते उचललं, चुरगाळलं, टाकलं.

"बाबा..."

"बोट गेलं," तो म्हणाला.

"काय?"

"बोट गेलं आरपार. खरवडायची पट्टी बाजूला ठेवली, बोटाने नुसतं दाबलं... आणि बोट खाली, बाहेरच्या हवेत."

सारंगांनी मान वळवली.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"सीटखाली. तिच्या... चालवणाऱ्याच्या सीटखाली."

"मग काय केलंस?"

"जाळी लावली. ॲल्युमिनियमची. वरून लांबी भरली. घोटली." त्याचा आवाज बारीक झाला. "प्रायमर दिलं."

खाडीवरून एका मचव्याच्या इंजिनाची फटफट ऐकू आली आणि लांब गेली.

"मला सकाळीच का नाही सांगितलंस?" सारंग म्हणाले. ते चिडलेलेच होते, पण आता त्यांना ओरडता येत नव्हतं. "चार वेळा विचारलं तुला. कसला पत्रा, कसला पत्रा..."

"चाचा, असा पत्रा कधी हातात आलाच नव्हता माझ्या." मोरेश्वर दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "बिस्किटासारखा चुरा. मी घाबरलो. ह्याचं काय करतात हे मला माहीतच नव्हतं. आणि गावभर सांगून बसलो होतो. मग जे मला येतं... ते मी केलं. फार चांगलं केलं."

"हो," सारंग म्हणाले. "फार चांगलं केलंस."

ते उठले, पुन्हा दोन टप्प्यांत. हातोडी अजून त्यांच्या हातातच होती.

"सीट काढ."

मोरेश्वरने डिकीतून पाना काढला. सीटला चार बोल्ट होते. पहिला कुरकुरत फिरला. दुसरा फिरला. तिसऱ्याला त्याने पान्यावर सगळा भार दिला.

चौथ्याला पाना लावला आणि बोल्ट न फिरताच वर आला. नटासकट. नटाभोवतीच्या पत्र्यासकट. मोरेश्वरच्या तळहातावर ते सगळं एखाद्या भूछत्रासारखं पडलं होतं. वरून करडं, गुळगुळीत. खालून तपकिरी आणि ओलं.

शलाका जवळ आली. तिने ते बोटाने उलटं केलं. मोरेश्वरने सीट उचलून बाहेर ठेवली. मग तिने रिकाम्या जागेकडे बघितलं, जिथे सकाळी ती बसून आली होती.

मोरेश्वरला वाटलं, ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याने हात पुढे केला. सारंगांनी हातोडी दिली.

पहिला घाव त्याने असा घातला की प्रायमरवर नुसता एक चरा उठला.

"मोऱ्या," सारंग म्हणाले. त्याच्या लहानपणी ते असंच हाक मारायचे. "पापड मोडतोयस का?"

दुसऱ्या घावाला प्रायमरचा एक टवका उडाला. तिसऱ्याला लांबी फुटली. तिच्याखाली जाळी दिसली, पांढरी पडलेली, मिठाने खाल्लेली. चौथ्याला जाळी खाली गेली आणि तिच्याबरोबर पत्र्याचा ओला भुगा जमिनीवर पडला. बर्फाचं सगळं पाणी तिथे वर्षानुवर्षं मुरलं होतं. मासळीचा वास अजून येत होता.

"झालं," मोरेश्वर म्हणाला.

"पुढे."

"किती?"

"वाजेपर्यंत."

मोरेश्वर गुडघ्यांवर बसला. हातोडी चालू झाली. थप. थप. थप. भोक बोटाएवढं होतं, ते पेल्याएवढं झालं. मग बशीएवढं. प्रत्येक घावाला त्याला वाटे, आता बस, आता इथे संपलं. आणि आवाज थप येई.

एकदा तो थांबला. हाताने कपाळ पुसलं, कपाळावर तपकिरी पट्टा उमटला.

"बाजूचा भाग बरा दिसतोय, चाचा. रंग धरून आहे."

"दिसू दे."

"म्हणजे तोही...?"

"डोळ्यांनी नको रे बघू! किती वेळा सांगू? तुझे डोळे फार चांगले आहेत. तेच तर झालंय!"

मोरेश्वरने डोळे मिटले. घाव घातला.

थप.

तो पुढे सरकला. दाराखालच्या पट्टीपर्यंत गेला. तिथले फोड नुसत्या हादऱ्याने फुटले. लाल रंगाच्या पापुद्र्यांखालून तपकिरी, दाणेदार पूड सांडली आणि तिचा ढीग झाला. शलाकाने खराटा आणला आणि ढीग बाजूला केला. तिचा बाप ठोकत होता, ती झाडत होती.

सारंग काठी टेकून उभे होते. ऊन फणसाच्या बुंध्यापर्यंत आलं.

"चाचा, हे संपणार आहे का?"

"मला काय माहीत? मी आत शिरून बघितलंय?"

"तुम्ही बोटीवर काय करायचात? कधी थांबायचात?"

"वाजलं की. वाजणाऱ्या पत्र्यालाच नवा तुकडा जोडता येतो."

"आणि नाही वाजलं तर?"

सारंगांनी त्याच्याकडे असं बघितलं, की मोरेश्वर पुन्हा खाली वाकला.

थप. थप. थ...

टण.

हातोडी उसळली. मोरेश्वरच्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. तो तसाच थांबला, हात वर धरून. मग बोटभर अंतरावर पुन्हा घाव घातला.

टण.

कडेने फिरत फिरत त्याने ठोकलं. डावीकडे टण. पुढे टण. मागे एका ठिकाणी थप आलं, तो न सांगता तिथे वळला आणि तेवढा तुकडा खाली पाडला. मग तिथेही टण. शेवटचे सहा-सात घाव त्याने पुन्हा डोळे मिटून घातले. सगळे वाजले.

शलाकाने खराटा झाडाला टेकवला.

"बाबा, मी सोमवारी एसटीने जाईन," ती म्हणाली. "सहा दहाची आहे. पंधरवडाभर जाईन, महिनाभर जाईन. मला काही होत नाही."

मोरेश्वरने मान हलवली. हातोडी खाली ठेवली आणि तिथेच, दारात, पाय बाहेर सोडून बसला. त्याच्या हातांवर, दंडांवर, पापण्यांवर तपकिरी धूळ होती. बाजूला लाल पापुद्रे पडले होते, करडे टवके पडले होते. आठवड्याचं काम होतं ते. तीन आठवड्यांचं.

त्याने मागे वळून बघितलं.

जिथे चालवणाऱ्याची सीट होती तिथे आता परातीएवढं भोक होतं. त्यातून अंगणातली तांबडी माती दिसत होती. तिच्यावरून सारंगांची एक कोंबडी शांतपणे चालत गेली. गाडीच्या खालून, या बाजूने त्या बाजूला.

"बघा," मोरेश्वर म्हणाला. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. "बघा चाचा. एवढं सगळं करून काय उरलं? इथे रंग होता, लांबी होती, काहीतरी होतं. आता नुसतं भोक."

सारंग वाकले. त्यांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. हळू, पूर्ण गोल. एका ठिकाणी अंगठा कापला. त्यांनी रक्ताकडे बघितलं, लुंगीला पुसलं.

"भोकाला गंज चढत नाही," ते म्हणाले.